चावलेली छत्री

बाईंच्या बालवर्गात मुलं दर वर्षी बदलायची. चित्रं मात्र चौतीस वर्षं तीच होती.

चाळीस कार्डं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डब्यावरचा रंग कधीच उडाला होता आणि झाकण नीट बसावं म्हणून त्यावर दोनदा चापट मारावी लागे. नोकरीच्या पहिल्या वर्षी शाळेने बाईंना एक फळा, खडूंचं एक खोकं आणि एक घंटा दिली होती. "लहान मुलं आहेत, चित्रं लागतील," असं बाई म्हणाल्या, तेव्हा त्या वेळचे मुख्याध्यापक कागदावरून मान वर न करता म्हणाले, "मग काढा की!"

बाईंनी काढली. चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, घरात होते तेवढे रंग वापरून, डोळ्यांसमोर दिसेल ती वस्तू त्यांनी काढली. चमचा काढला, छत्री काढली, घड्याळ काढलं, ससा काढला, होडी काढली. गाय काढून वाळत ठेवली होती, तेव्हा शेजारीण डोकावली आणि म्हणाली, "टेबल छान जमलंय हो!"

"गाय आहे ती."

"अगबाई! हो की. पाय चार आहेत."

चित्रकला बाईंना येत नव्हती ती नव्हतीच. पण मुलांना बोलतं करणं येत होतं. तीन-साडेतीन वर्षांची पोरं आईचा पदर सोडून यायची, दोन दिवस भोकाड पसरायची, तिसऱ्या दिवशी बाई मांडीवर डबा घेऊन बसायच्या. झाकणावर दोन चापट्या. तो आवाज झाला की रडणाऱ्यांचीही मान वळायची. मग बाई एकेक कार्ड छातीशी धरायच्या आणि डोळे मोठे करून विचारायच्या, "हे काय?" आधी एक तोंड उघडायचं, मग चार, आणि फटाक्यांची माळ लागल्यासारखा वर्ग ओरडायला लागायचा. छत्री! छत्री कशाला? पावसाला! आणि ऊन पडलं तर? उन्हालाही! चमचा कशाला? खायला! आणि डोक्यावर घ्यायला? नाऽऽही! एका कार्डावर बाई मुलांना दहा वाक्यं बोलायला लावत. ज्यांना नाक पुसायचं कळत नव्हतं ती पोरं वर्षाच्या अखेरीला बाईंशी वाद घालू लागत.

चौतीस वर्षांत कार्डांनी मात्र बरंच सोसलं. चमच्याच्या कार्डावर बाईंच्याच चहाच्या कपाचं गोल वळं उमटलं. होडीचं कार्ड एका वर्षी मुलांनी खरंच पाण्याच्या टाकीत सोडलं, तेव्हापासून त्याला पोट आलं. गाय मधोमध फाटली, तिला तपकिरी चिकटपट्टीचा पट्टा बसला. घड्याळावर शाईचे तीन ठिपके पडले. आणि छत्रीच्या कार्डाचा वरचा कोपरा एका मुलीने चावून खाल्ला. दातांची अर्धगोल ओळ अजून स्पष्ट दिसायची.

ती मुलगी आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका होती. तिला काही आठवत नव्हतं. बाईंना पक्कं आठवत होतं. पहिले दोन महिने हिने रडण्यात घालवले आणि तिसरा चावण्यात. पण मॅडमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला असलं काही सांगता येत नाही, म्हणून बाईंनी ते पोटात ठेवलं होतं.

आता बाई निवृत्त होणार होत्या. महिनाअखेरीला. त्यांच्या जागी आलेली मुलगी पंधरा दिवस आधीच रुजू झाली होती, कामाची ओळख व्हावी म्हणून. मुलं तिला ताई म्हणत. ताई चटपटीत होती, जमिनीवर मांडी ठोकून बसायची, आणि बाईंना सारखं "बाई, हे कसं करता?" असं विचारायची. बाईंना ती आवडली होती. फक्त ती येताना एक खोकं घेऊन आली, ते आवडलं नव्हतं.

खोकं शाळेने मागवलेलं होतं. साठ छापील कार्डं, प्लॅस्टिक चढवलेली, चकचकीत. त्यातली गाय गायीसारखी होती, एवढंच नाही तर तिच्या पापण्याही दिसत होत्या.

मॅडमनी दोघींना खोलीत बोलावलं. "बाई, कपाटात बालवर्गाला एकच कप्पा आहे. दोन-दोन संच ठेवायला जागा नाही. हे नवे आलेत, तर जुना डबा माळ्यावर टाकून देऊ या का?"

"माळ्यावर?" बाई म्हणाल्या. "मॅडम, माळ्यावर झुरळं आहेत."

"मग काय करू या?"

बाई एरवी कशासाठी भांडणाऱ्या नव्हत्या. शाल नको, नारळ नको, भाषण तर नकोच, असं त्यांनी निरोपाच्या समारंभाबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती: आपण गेलो तरी आपला डबा वर्गात राहावा. रोज सकाळी कुणीतरी त्या झाकणावर दोन चापट्या माराव्यात. हे त्यांनी असं बोलून दाखवलं नाही. त्या म्हणाल्या, "ताईला नवी कार्डं दाखवू दे मुलांना. मग बघा."

ताईने दाखवली. पापण्यांची गाय दाखवली, चांदीसारखा चमचा दाखवला, लाल-पिवळी छत्री दाखवली. मुलं तोंडात बोटं घालून बघत राहिली. बालवर्गात एक पोरगा होता, सारखा गुणगुणत असायचा म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणत. तोसुद्धा गप्प बसला.

बाईंना आतून गुदगुल्या झाल्या. तोंडाने मात्र त्या म्हणाल्या, "होतं गं असं पहिल्यांदा. त्या चित्रांत माया नाही ना, म्हणून." आणि आपला डबा मांडीवर घेऊन त्यांनी दोन चापट्या मारल्या. "हे काय?" "छत्रीऽऽ!" खिडकीच्या काचा थरथरल्या.

मॅडम दारातून बघत होत्या. त्यांनी कबूल केलं. "चमत्कारच आहे तुमचा. पण बाई, खरं सांगू का, फार मळलीत हो ती. ते चावलेलं, ते फाटलेलं. उद्या एखादी आई म्हणेल, आमचं मूल हे हाताळतं? असं करू या. शुक्रवारी मी वर्गात येऊन बसते. तोवर ती जरा नीटनेटकी करता आली तर बघा. मुलांनी त्या दिवशी छान उत्तरं दिली, तर कप्पा तुमच्या डब्याला. नाहीतर नव्या संचाला. कसं?"

"चालेल," बाई म्हणाल्या. त्यांना हसू लपवता येईना. कार्डं नीटनेटकी करायची म्हणजे त्यांच्या घरातलंच काम होतं. त्यांचा नवरा बाइंडर होता.

चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली होती. आता दुकान मुलाकडे होतं, पण घराच्या मागच्या खोलीत त्यांचं लाकडी टेबल, दाबयंत्र आणि खळीचं पातेलं अजून होतं. त्यांना कुठेही वाकडा कोपरा दिसला की बेचैन व्हायला व्हायचं. लग्नपत्रिका आली तरी आधी कोपरे बघायचे, मग नावं. गेली चौतीस वर्षं बायकोचा तो डबा त्यांच्या डोळ्यांना खुपत होता. पण "हात लावायचा नाही" अशी ताकीद होती.

"बाई," ते म्हणाले. गल्ली त्यांच्या बायकोला बाई म्हणायची, म्हणून तेही म्हणत. "आज स्वतःहून डबा आणलात? ताप तर नाही ना?"

"चेष्टा पुरे. शुक्रवारपर्यंत छान करून द्यायचंय. चित्रांना धक्का लागता कामा नये."

"अगं, चित्रांना कसला धक्का? तुझी गाय मी घरातल्या माणसासारखी सांभाळीन." त्यांनी चष्मा चढवला. "पाय चारच होते ना?"

तीन दिवस मागची खोली कणकेच्या खळीच्या वासाने भरून गेली. कसर लागू नये म्हणून खळीत विषारी मोरचूद घालायची बाइंडर लोकांची पद्धत. पण ह्या वेळी त्यांनी मोरचूद घातला नाही. "पोरं काय, दिसेल ते तोंडात घालतात," म्हणाले, आणि डब्यातली लवंग-दालचिनी शोधून खळीत उकळली. प्रत्येक चित्र त्यांनी वरच्या पापुद्र्यासकट जुन्या पुठ्ठ्यावरून अलगद सोडवलं, चित्राभोवतीचा मळका भाग पातीने काढून टाकला आणि ते पांढऱ्या, जाड, नव्या पुठ्ठ्यावर चिकटवलं. गायीची चिकटपट्टी वाफेवर धरून काढली आणि फाट अशी जोडली की दाखवल्याशिवाय दिसू नये. चहाचं वळं गेलं. होडीचं पोट गेलं. घड्याळाचे तीन ठिपके गेले. मागे निळा कागद, चारी कोपरे गोल. चाळीसच्या चाळीस कार्डं टेबलावर उभी आपटली तर एका वहीसारखी दिसत.

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो, किती देखणी केलीत!"

"चौतीस वर्षं थांबलो होतो," ते म्हणाले.

शुक्रवारी बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. मॅडम चहाचा कप घेऊन मागच्या बाकावर बसल्या. आपली लांब दांड्याची काळी छत्री त्यांनी दाराशी टेकवून ठेवली होती. ताई त्यांच्या शेजारी, मांडीवर नवं खोकं घेऊन. आणि पुढे सतरंजीवर बत्तीस मुलं.

त्यांतल्या दोघींची ओळख करून द्यायला हवी. एक होती वकीलबाई. वय वर्षं चार, दोन वेण्या, प्रत्येक गोष्टीवर हरकत. "बाई, काल तुम्ही वेगळं म्हणाला होता," हे तिचं आवडतं वाक्य. दुसरी होती गप्पू. ती घरी पोपटासारखी बोलायची म्हणे, पण शाळेचा उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. आठ महिन्यांत तिने वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. तिची आई कपडे शिवायची. रोज शाळा सुटताना गळ्यात मापाची टेप तशीच लटकवून फाटकाशी यायची आणि विचारायची, "आज काही बोलली का हो?" रोज बाईंना मान हलवावी लागायची. गप्पू बोलायची नाही, पण सगळे खेळायला पळाले की ती डब्याशी यायची, छत्रीचं कार्ड काढायची, आणि चावलेल्या जागी बोट फिरवत बसायची. बाई तिला बसू द्यायच्या.

बाईंनी झाकणावर दोन चापट्या मारल्या. मुलं सरसावून बसली. पहिलंच कार्ड छत्रीचं. छातीशी धरून, डोळे मोठे करून बाईंनी विचारलं, "हे काय?"

कुणी बोलेना.

बाईंना वाटलं, मॅडम आहेत म्हणून लाजताहेत. "अरे, सांगा की! हे काय?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. भुंग्याने गुणगुणणं थांबवलं आणि म्हणाला, "पांढरं."

बाईंनी घाईने दुसरं कार्ड काढलं. चमचा. शांतता. घड्याळ. शांतता. होडी. मागून कुणीतरी जांभई दिली. बाईंच्या कानशिलांवरून घामाचा ओघळ आला. त्यांनी हुकमी कार्ड काढलं. गाय म्हटलं की पहिल्या दिवशीचं रडकं मूलसुद्धा हंबरायचं.

"हे काय?"

सगळ्यांनी बराच विचार केला. मग तिसऱ्या ओळीतून एक धीट आवाज आला, "टेबल!"

"टेबल! टेबल!" बाकीच्यांना हायसं वाटलं. निदान एकाचं उत्तर मिळालं.

मॅडमनी चहाचा घोट घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाईंना ते लिहिणं कानांत ऐकू आलं. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच बाई, तीच चित्रं, तीच मुलं, मग कालपर्यंत काचा थरथरवणारी ही पोरं आज अशी कोऱ्या पाटीसारखी का बसलीत?

तेवढ्यात वकीलबाई उठून उभी राहिली. "बाई, ही आपली कार्डं नाहीत."

"अगं, आपलीच आहेत राणी. नीट बघ."

"नाहीत. आपली कुठे ठेवली?"

"हीच ती. फक्त स्वच्छ केलीत."

"बाई, उगाच काय सांगता?" वकीलबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आपली छत्री चावलेली असते. आपल्या चमच्याला गोल असतं. आपल्या गायीला पट्टा असतो. ह्याला काहीच नाही. मग आम्हाला कसं कळणार?"

बाईंचा हात तसाच हवेत राहिला.

मग त्यांच्या लक्षात आलं. मुलं चित्र बघतच नव्हती. चावलेला कोपरा दिसला की छत्री म्हणायचं, गोल वळं दिसलं की चमचा, पट्टा दिसला की गाय. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवलं असेल, आधीच्या वर्षीच्यांनी भावंडांना. आणि आपण इतकी वर्षं समजत होतो की चित्रांत माया आहे! त्यांना एकदम खुर्चीत बसावंसं वाटलं, पण त्या बसलेल्याच होत्या. डबा जाणार, हे तर दिसतच होतं. पण डब्याचं दुःख त्या क्षणी मागे पडलं. मी शिकवलं तरी काय मग, हा प्रश्न पुढे आला.

"राहू द्या बाई," मॅडम हळूच म्हणाल्या. "मला कळलं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

आणि गप्पू उठली.

ती कुणाकडे न बघता सरळ बाईंपाशी आली. बाईंच्या मांडीवरच्या गठ्ठ्यातून तिने छत्रीचं कार्ड ओढून काढलं. उलटं करून निळा कागद बघितला, सुलटं केलं, वरच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. कोपरा गोल, गुळगुळीत. तिने कपाळाला आठी घातली. मग तो कोपरा तोंडात घातला आणि जोर लावून कचकन चावला.

बाइंडरचं काम पक्कं होतं. पुठ्ठा सहजी तुटेना. तिने मान तिरकी केली, दाढेखाली घेतला, दोन हातांनी कार्ड ओढलं आणि तुकडा निघाला. तो तिने बाईंच्या तळहातावर थुंकला, कार्ड फ्रॉकला पुसलं, आणि वर्गाकडे तोंड करून डोक्यावर उंच धरलं.

"छत्री," ती म्हणाली.

आवाज घोगरा होता, कमी वापरलेला. पण शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

"छत्रीऽऽऽ!" बत्तीस तोंडं एकदम उघडली. अगदी आत्तापर्यंत कुठेतरी हरवलेली छत्री सापडली असा आनंद.

मग वर्ग आवरेना. सगळे गठ्ठ्यावर तुटून पडले. भुंगा होडीचं कार्ड घेऊन पाण्याच्या टाकीकडे पळाला, त्याला ताईने दारातच पकडलं. कुणी घड्याळावर ठिपके काढायला पेन्सिल मागू लागलं. वकीलबाईंनी चमचा हातात घेतला आणि चौकशी सुरू केली, "गोल कुठून आणायचं?"

 ताई मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. "मॅडम, तुमचा कप देता का?"

"कप?"

"एक मिनिट फक्त."

मॅडमनी दिला. ताईने चमच्याचं कार्ड जमिनीवर ठेवलं आणि वकीलबाईंच्या हाताने त्यावर कप टेकवला. उचलला. ओलं, तपकिरी वळं.

"चमचा!" वर्ग ओरडला. "खायला! डोक्यावर नाही!"

मॅडम हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. बाई मात्र अजून तळहातावरचा ओला तुकडा घेऊन बसल्या होत्या.

ताई गप्पूपाशी गुडघ्यांवर बसली. तिने आपल्या खोक्यातली लाल-पिवळी, चकचकीत छत्री काढली आणि गप्पूच्या चावलेल्या छत्रीशेजारी धरली. "आणि गं, ही?"

गप्पूने बघितलं. ही बघितली, ती बघितली. दांडा बघितला, वरचं टोक बघितलं. वर्ग पुन्हा गप्प झाला. सगळ्यांना वाटलं, आता ही छत्रीसुद्धा चावणार. ताईनेही कार्ड जरा मागे घेतलं.

"छत्री," गप्पू म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "नवी."

"आणि ती?" ताईने दाराशी टेकवलेल्या काळ्या छत्रीकडे बोट दाखवलं.

"छत्री! मोठी! मॅडमची!" हे आता सगळ्यांनी मिळून सांगितलं. वकीलबाईंनी लगेच विचारलं, "ती कोण चावणार?"

"कोणी नाही!" मॅडमनी उठून छत्री बगलेत घेतली.

मग ताईने दोन्ही संच सतरंजीवर ओतले आणि म्हणाली, "चला, प्रत्येकाची जोडी लावायची." पापण्यांची गाय टेबलगायीशेजारी जाऊन बसली. "ह्या दोघी गायी?" भुंग्याने विचारलं. "ही कुठे गायीसारखी आहे?" आणि बाकीच्यांनी त्याला पाय मोजायला लावले. शिंगं दाखवली, शेपूट दाखवलं. मुलं पहिल्यांदाच चित्राकडे बघत होती आणि बघितलेलं सांगत होती. गप्पूही मधेच "शिंग" म्हणाली, जणू आठ महिने बोलतच होती.

बाई हळूच ताईजवळ सरकल्या. "चौतीस वर्षं एकच छत्री दाखवली गं मी," त्या म्हणाल्या. "दुसरी शेजारी धरून बघावी, हे डोक्यातच आलं नाही."

"बाई, मी तर आठवडाभर नवी दाखवतेय. तोंड उघडलं का कुणी?" ताई म्हणाली. "ओळखीची होती म्हणून तर ती उठली. माझ्या कार्डासाठी कशाला उठेल? आणि तुम्ही तिला रोज बसू दिलंत डब्याशी. मी असते तर म्हटलं असतं, जा, खेळायला जा."

 बाईंच्या छातीवरचं काहीतरी उतरलं.

मॅडमनी चावलेलं कार्ड उचलून बघितलं. दातांची ओळ. "बाई, जुन्या कार्डावर अगदी अस्संच होतं ना? कुणी चावलं होतं हो ते?"

बाईंनी मॅडमकडे बघितलं. निवृत्तीला सहा दिवस राहिले होते. आता कोण काय करणार होतं?

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तिसऱ्या महिन्यात. हिच्यासारखंच. थुंकला मात्र नव्हता, गिळला होता. तुमच्या आईला बोलावून घ्यावं लागलं होतं."

मॅडमचा हात नकळत तोंडाशी गेला. वकीलबाई शेजारीच उभी होती. तिने मॅडमना खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मग तुम्हाला शिक्षा झाली?"

"आठवत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आता होणार असं दिसतंय. बाई, त्या कपाटात वरच्या कप्प्यात माझ्या फायली आहेत ना? त्या माळ्यावर हलवते. डबा तिथे आणि खोकं खाली. दोन्ही राहू देत."

"माळ्यावर झुरळं आहेत," बाई म्हणाल्या. "फायलींना."

"असू देत."

शाळा सुटली. फाटकाशी गळ्यात टेप लटकवून गप्पूची आई उभी होती. तिने सवयीने विचारलं, उत्तर ठाऊक असल्यासारखं. "आज काही बोलली का हो?"

"बोलली," बाई म्हणाल्या.

"काय बोलली?"

"छत्री."

आईने मान वर करून आभाळाकडे बघितलं. ऊन लख्ख पडलं होतं. तिने पुन्हा बाईंकडे बघितलं, मग लेकीकडे. गप्पू दातांत अडकलेला पुठ्ठ्याचा धागा बोटाने काढत होती.

"घरी गेल्यावर सांगेल ती," बाई म्हणाल्या. "आता सगळं तीच सांगेल."

घरी बाइंडरसाहेब दारातच वाट बघत होते. "काय झालं? आवडली ना कार्डं?"

बाईंनी पिशवीतून छत्री काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, चावलेल्या जागेवर अंगठा फिरवला. चेहरा पडला. मग त्यांनी चष्मा लावून ती जागा नीट बघितली, आणि चेहरा जरा सावरला.

"सुटली नाही बघ," ते म्हणाले. "दातांनी तुटली, पण सुटली नाही. खळ अशी पाहिजे."

"अहो, डबा राहिला वर्गात. आणि गप्पू बोलली."

"बोलली? काय म्हणाली?"

बाईंनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते खुर्चीत मागे रेलून इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाईंनी पाणी दिलं. पाणी पिऊन ते पातीकडे हात नेत म्हणाले, "आण ती इकडे. कोपरा नीट करून देतो."

बाईंनी छत्री काढून घेतली आणि पिशवीत परत ठेवली.

"खबरदार हात लावाल तर," त्या म्हणाल्या.